एकवीस गोळ्या कोयनेल

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सौंदडच्या शिवारात धान कापणीला आला होता आणि आमची सुशीला पहिल्या बाळंतपणासाठी अर्जुनीहून माहेरी आली होती. सहावा महिना सरत आला होता. छोट्या लाईनच्या आगगाडीतून उतरली तेव्हा पोरगी हसत होती. शनिवारी दुपारी जेवून उठली आणि म्हणाली, "बाबा, मले थंडी वाजून राहिली."

बाहेर चांगलं ऊन होतं. मी म्हटलं, उन्हात बस. ती उन्हात बसली आणि उन्हातच थडथड उडायला लागली. आमच्या सौभाग्यवती सावित्रीबाईंनी घरातल्या सगळ्या वाकळा तिच्यावर घातल्या, मग घोंगडी घातली, आणि शेवटी माझा शाळेत जायचा काळा कोटही घातला. त्या कोटाला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती, त्यावरून प्रसंग ओळखावा. तासाभराने थंडी गेली आणि अंग तापलं. संध्याकाळी घामाने सगळा कोट भिजवून पोरगी उठून बसली आणि भात मागू लागली. रविवारी ठणठणीत. सोमवारी दुपारी पुन्हा तेच.

हिवताप. एक दिवसाआड येणारा, ठरल्या वेळी येणारा. माझ्या शाळेत एकही मास्तर इतका वक्तशीर नव्हता, हेडमास्तर म्हणजे मी, तोही धरून.

हिवतापाला औषध एकच, कोयनेल, म्हणजे साहेबाचं क्विनीन. पूर्वी ते पोस्टात मिळायचं. पण साल होतं त्रेचाळीस. जपान्यांनी जावा बेट घेतलं होतं आणि कोयनेल बहुतेक सगळं तिकडूनच यायचं. जावा कुठे आहे हे मी चौथीच्या वर्गाला छडीने नकाशावर दाखवत असे. त्या बेटाचा आमच्या माजघराशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पोस्टमास्तर म्हणाले, "गुरुजी, कोयनेल लढाईवर गेलं." जणू काही गावातलंच कोणी पलटणीत भरती झालं होतं.

मी पोस्टातून परत येईपर्यंत शेजारच्या अनुसयाबाई आमच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. अर्ध्या सौंदडची बाळंतपणं या बाईंच्या हातून झालेली. त्यामुळे उरलेल्या अर्ध्या गावालाही त्या आपलीच लेकरं समजत.

"गुरुजी, कोयनेल आणाले गेल्ते म्हणे?"

"हो."

"पोटुशीले कोयनेल देऊ नोका. गरम असते ते. पोट खाली करते. अन् कान जातेत, डोळे जातेत."

"मग काय द्यावं?"

"गुळवेल द्या. अन् ज्या दिवशी ताप येनार हाय, त्या दिवशी पोरीले दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवा. ताप येईन, घरात पाहीन, कोनी नाही म्हनून वापस जाईन."

मी एकवीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. असल्या गोष्टींवर मी हसतो. हसलोही. पण सावित्रीबाई हसल्या नाहीत, आणि आमच्या घरात कोणत्या गोष्टीवर हसायचं ते शेवटी त्याच ठरवतात.

त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या आढतीवर भैय्यालाल भेटला. धानाचा मोठा व्यापारी, गोंदियाकडचा, मनाने उदार. माझी हकिकत ऐकून त्याने गल्ल्यामागून एक बाटली काढली.

"मास्टरजी, आप फिकर मत करो. असली माल है. सीधा कलकत्ते से."

मी एक गोळी जिभेवर ठेवली. खरं कोयनेल जिभेला लागलं की सात पिढ्या आठवतात. मला एकही आठवली नाही. शाळेतल्या खडूची चव मात्र ओळखीची वाटली. ती मला रोजच्या सवयीने कळते.

"भैय्यालाल, हे कडू नाही."

त्याने एक चघळली. मग दुसरी. मग एकदम तीन. चेहरा उतरत गेला. "मास्टरजी, मैं तो माँ को एक महीने से यही खिला रहा हूँ."

"काही फरक?"

"फरक तो नहीं है. मगर माँ ने शिकायत भी नहीं की."

दर मंगळवारी साकोलीचे डॉक्टर सौंदडच्या डाक बंगल्याच्या व्हरांड्यात बसत. दुसऱ्या दिवशी मंगळवारच होता. शाळा सहायक मास्तरांवर सोपवून मी सुशीलेला बैलगाडीत घातलं आणि नऊ वाजता बंगल्यावर हजर झालो. पन्नाससाठ माणसं आधीच बसलेली. त्या सगळ्यांच्या आणि डॉक्टरांच्या मधे कंपाउंडर दुधराम उभा. त्याने सुशीलेचं मनगट धरलं.

"ताप कुठं हाय?"

"आज नाही. काल होता. उद्या येईल."

"मंग उद्या या."

"उद्या डॉक्टर साकोलीला असतात ना."

"ते खरं हाय," दुधराम म्हणाला. "पन ताप दिसल्याशिवाय कोयनेल द्याचं नाही, असा हुकूम हाय. माल कमी हाय गुरुजी. कालचा ताप अन् उद्याचा ताप मी वहीत कसा लिहू?"

मी त्याला समजावलं. एक दिवसाआड म्हणजे काय, ते बोटांवर मोजून दाखवलं. तो शांतपणे नाही म्हणत राहिला. माझा पारा चढत गेला. संतापाने माझे हात कापू लागले, मग गुडघे कापू लागले, मग दातांवर दात वाजू लागले. दुधरामसारख्या माणसावर इतकं रागावणं बरं नाही, असं मी मनाला सांगत होतो. तेवढ्यात त्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"गुरुजी! ताप तं तुमाले हाय!"

त्याने मला सगळ्या रांगेच्या पुढे नेऊन थेट डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टर तरुण होते आणि सकाळपासून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी माझं पोट डावीकडे दाबलं, "पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून हाताला लागते," म्हणाले आणि लिहू लागले. मी सांगायचा प्रयत्न केला की औषध मला नको, मुलीला हवं. पण दात इतके वाजत होते की तोंडातून "मु-मु-मु" एवढंच बाहेर पडलं. डॉक्टर म्हणाले, "बोलू नका, पांघरूण घ्या." दोन मिनिटांत माझ्या हातात बेचाळीस गोळ्या होत्या. दोन-दोन, दिवसातून तीनदा, जेवणावर, सात दिवस. कागदावर नाव, शालीकराम हेडमास्तर, वय एकावन्न. आणि जिच्यासाठी मी आलो होतो ती मला हाताला धरून गाडीकडे नेत होती.

घरी येताना वाटेत मनात आलं, यातल्या अर्ध्या सुशीलेला देऊन टाकाव्यात. पण त्या माझ्या वजनाला, माझ्या वयाला मोजून दिलेल्या. दोन जिवांच्या पोरीला त्या कशा मोजायच्या, हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. शिवाय सावित्रीबाई दारातच उभ्या होत्या.

"ते विष माया पोरीच्या तोंडी जानार नाही," त्या म्हणाल्या.

"ते विष नाही."

"मंग तुम्हीच खा."

सुशीला मधे पडली. "बाबा, तुम्ही घ्या. तुम्हाले काही झालं नाही तं मी बी घेईन."

अशा रीतीने त्या संध्याकाळी जेवणानंतर ओसरीवर, अर्ध्या आळीच्या देखत, मी पहिल्या दोन गोळ्या गिळल्या. अनुसयाबाई पाट घेऊन समोर बसल्या होत्या. माझे कान जाताना त्यांना स्वतःला बघायचं होतं.

बुधवारी सुशीलेच्या तापाचा दिवस. सावित्रीबाईंनी तिला सकाळीच अनुसयाबाईंच्या घरी नेऊन लपवलं आणि आमच्या दाराला कडी घातली. बारा वाजून दहा मिनिटांनी अनुसयाबाईंच्या घरून वाकळ मागायला निरोप आला. ताप आमच्या टपालखात्यापेक्षा हुशार निघाला. पत्ता बदलला तरी बरोबर पोचला.

माझा ताप मात्र गेला. पण गुरुवारी दुपारी शाळेत मला रातकिडे ऐकू येऊ लागले. मी खिडक्या लावून घेतल्या. रातकिडे आतच राहिले. शुक्रवारी सकाळपर्यंत त्यांची भातगिरणी झाली होती, आणि ती दोन्ही कानांत अखंड चालू होती. तिच्यापलीकडे माणसं ओठ हलवताना दिसत.

ही गोष्ट लपवायची, असं मी ठरवलं. कान गेले असं कळलं तर सुशीलेच्या तोंडी गोळी जाणं संपलं. तसं लपवणं अवघड नव्हतं. हेडमास्तरला दिवसाकाठी जे ऐकावं लागतं, त्यातलं बहुतेक न ऐकताही चालतं. पण त्याच शुक्रवारी शाळाखात्याचे डिप्टीसाहेब न कळवता तपासणीला आले.

त्यांनी हाजरीपट उघडून काही विचारलं. ते नक्कीच माझ्या प्रकृतीबद्दल असणार, कारण माझा रंग उतरला होता. मी म्हणालो, "दोन-दोन, दिवसातून तीनदा. जेवणानंतर."

साहेबांनी भुवया वर केल्या. त्यांचा प्रश्न, मागाहून कळला, असा होता की मास्तर मुलांना छड्या मारतात का.

त्यांनी आणखी काही विचारलं. मी म्हणालो, "पहिल्यांदा कडू वाटतं, पण गुण येतो."

साहेबांनी ते लिहून घेतलं. त्या तपासणीचा शेरा माझ्या नोकरीच्या कागदांत अजून आहे. "हेडमास्तर शिस्तीबाबत कठोर असून त्याचा त्यांना अभिमान आहे." मी आयुष्यात पोरांवर छडी उगारली नाही, माझी छडी जन्मभर नकाशावरच फिरली.

दुपारी घरी येताना, म्हणे, अनुसयाबाई माझ्या पाठीमागून चालत येत होत्या. वाटेत त्यांनी मला तीनदा हाक मारली आणि चौथ्यांदा जे म्हणाल्या ते सावित्रीबाईंनी मला पुढे कधीही सांगितलं नाही. एवढं खरं की मी वळून पाहिलं नाही, आणि त्याने निकाल लागला. संध्याकाळपर्यंत सौंदडभर झालं की कोयनेलने गुरुजी ठार बहिरे झाले. माझा ताप गेला, हे मात्र कोणाच्या तोंडी नव्हतं. आणि त्या संध्याकाळी सुशीला परत वाकळांखाली होती. शुक्रवारचा ताप बुधवारपेक्षा जास्त होता. ओठ फाटले होते, डोळे खोल गेले होते. मी तिच्याजवळ बसलो. ती काही बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मी फक्त मान हलवली. एवढी लाज मला डिप्टीसाहेबांसमोरही वाटली नव्हती.

मी फळ्यावर वार मांडले. शनि, सोम, बुध, शुक्र, रवि, मंगळ. येत्या मंगळवारी डॉक्टर आणि ताप दोघेही सौंदडला! फक्त एक अडचण. ताप बाराला यायचा आणि डॉक्टर साडेअकराला उठायचे.

मंगळवारी मी सगळ्यांना घेऊन निघालो. सावित्रीबाई भांडत आल्या, पण आल्या. दुधरामने सुशीलेचं मनगट धरलं आणि मान हलवली. ताप नव्हता. मी त्याला सांगितलं की तो अर्ध्या तासात येतो आहे. आता, बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती लागतो हे कळत नाही. मी बहुधा बऱ्यापैकी ओरडत होतो, कारण आतून डॉक्टर स्वतः बाहेर आले.

त्यांनी सुशीलेला झोपवून तपासलं. मग माझ्या कानाजवळ येऊन ओरडले, "मागल्या मंगळवारीच हिला मला का दाखवलं नाही? ताप नसला तरी पानथरी वाढलेली असतेच ना!"

म्हणजे आठवडाभर मी फळ्यावर मांडलेलं सगळं गणित फुकट. एक बोट पोटावर ठेवलं असतं तर भागलं असतं. दुधराम दुसरीकडे बघू लागला.

सावित्रीबाईंनी डॉक्टरांना काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण मला ते ठाऊक होतं. डॉक्टरांनी मला कळावं म्हणून उत्तरही ओरडूनच दिलं. सारा बंगला ऐकत होता.

"आई, पोटातल्या लेकराला खरा धोका या तापाचा आहे. ताप असाच येत राहिला तर लेकरूही जाईल आणि आईसुद्धा. गोळीचं भय आहे ते ती जास्त घेतली तर. म्हणून हिला एकच. जेवल्यावर. तीन वेळा. सात दिवस. एकवीस गोळ्या. थोडे कान वाजले तर घाबरू नका. पण डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात कळा आल्या तर गोळी थांबवा आणि मला निरोप पाठवा. उपाशीपोटी नाही, आणि एकाच्या जागी दोन नाही."

"अन् यांचे कान?" सावित्रीबाईंनी माझ्याकडे बोट करून ओरडूनच विचारलं.

"त्यांना दुप्पट होत्या. बंद झाल्या की तीनचार दिवसांत उघडतील."

गोळ्यांची डबी हातात पडली आणि सुशीला कुडकुडू लागली. दुधरामने धावत येऊन तिच्या कपाळाला हात लावला आणि समाधानाने ओरडला, "आता झालं बराबर!"

त्या रात्रीच्या जेवणावर पहिली गोळी गेली. बुधवारी तीन. गुरुवारी सकाळी पाचवी. आणि गुरुवारी सकाळच्याच गाडीने आमच्या व्याहीणबाई, अर्जुनीच्या देवकाबाई, येऊन उतरल्या.

देवकाबाईंचा आवाज असा की त्या आपल्या बांधावरून बोलल्या तर पलीकडच्या गावचे बैल थांबत. म्हणून मी निर्धास्त होतो. गिरणी चालू असली तरी या बाईंचं मला ऐकू येणार. सावित्रीबाई आत चुलीशी होत्या. मी ओसरीवर देवकाबाईंसमोर बसलो. आणि जन्मात पहिल्यांदाच ही बाई हळू बोलायला लागली.

मला काहीच ऐकू येईना. पण व्याहीणबाईंपुढे बहिरा म्हणवून घेणं? मी मांडी सावरली आणि चेहऱ्यावर विचारी भाव आणला. त्या बोलत राहिल्या, मी मान डोलवत राहिलो. मधेच त्यांनी पदराने डोळे पुसले. मला वाटलं, गाडीतला कोळसा डोळ्यांत गेला असेल. म्हणालो, "होतं असं. आता सवय करून घ्यायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा काही विचारलं. धान कसा आहे, असं असावं. मी म्हटलं, "तुमच्या मनाप्रमाणे. तुमचंच घर." मग त्यांनी हात पुढे केला. गोळ्या बघायच्या असतील म्हणून मी कोनाड्यातून डबी काढून दिली. त्यांनी ती कमरेच्या पिशवीत टाकली. आता मागणं बरं दिसेना. शाळेची वेळ झाली होती. मी कोट चढवून निघालो.

साडेअकराला सावित्रीबाई शाळेत आल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती. त्या चौथीच्या वर्गात शिरल्या आणि माझ्या कानाशी येऊन ओरडल्या,

"तुम्ही काऊन हो म्हनले?"

"कशाला?"

"पोरीले वापस न्याले! त्या म्हनल्या, गुरुजी हो म्हनले, गोळ्या बी देल्ल्या त्याइनं आपल्या हातानं. तुम्हीच हो म्हनल्यावर मी काय बोलू? गेल्या त्या टेशनवर! आज तापाचा दिवस हाय!"

मी धावलो. हेडमास्तरने गावातून धावू नये, असा माझा स्वतःचा नियम आहे. धोतर आवरत, कोट सांभाळत मी बाजारातून गेलो, तेव्हा दोन्हीकडची दुकानं उभी राहून बघत होती. गिरणी कानात होतीच, आता छातीतही सुरू झाली.

गाडी आली नव्हती. आमच्या छोट्या लाईनची गाडी उशिरा येते याबद्दल मी आजवर सरकारला दोन अर्ज केले आहेत. त्या दिवशी मी मनातल्या मनात ते परत घेतले.

फलाटावरच्या बाकावर सुशीला बसली होती आणि तिला थंडी भरत होती. देवकाबाईंनी आपलं लुगड्यावरचं पांघरूण तिच्यावर घातलं होतं. पुढे भैय्यालालच्या तांदळाच्या थप्प्या लागल्या होत्या. तो रिकामी पोती आणून सुशीलेच्या पायांवर घालत होता. देवकाबाईंनी मला पाहिलं. त्या घाबरल्या होत्या. सुनेला थोडा ताप येतो आणि तिला कोयनेल देतात, एवढंच त्यांना कोणी सांगितलं होतं. हा असा येतो हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

त्या काहीतरी बोलल्या. मी हात जोडले.

"व्याहीणबाई, मला तुमचं सकाळचं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी बहिरा झालो आहे. लाज वाटली म्हणून मान हलवली."

देवकाबाईंचे ओठ हलले. मी कानामागे हात धरला.

मग त्या आपल्या मूळ आवाजात आल्या. "मंजे मी माया यमुनेचं सारं सांगतलं, ते तुम्ही आयकलंच नाही? अन् म्हनले, सवय करून घ्याची?"

फलाटावरचे हमाल थांबले. मला वाटलं, गाडीच्या आधी धरणी यावी आणि मला घेऊन जावी. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो आणि म्हणालो, "माझी चूक झाली. आता सांगा. मी ऐकतो."

आणि जे दुःख त्या बाईने सकाळी इतक्या हळू आवाजात मला सांगितलं होतं, ते तिला साऱ्या स्टेशनासमोर ओरडून सांगावं लागलं. यमुना त्यांची थोरली लेक. आठ वर्षं झाली. पाचवा महिना होता. महिनाभर असाच ताप येत होता, कोणी पाहिलं नाही. मग बाजारात बसणाऱ्या एका औषधवाल्याने कोयनेल दिलं. "मूठभर देल्लं गुरुजी! म्हने, एकदाच खाऊ घाला, ताप मुळापासून जाईन! दुसऱ्या दिवशी पोट गेलं. तिसऱ्या दिवशी माई पोरगी गेली!"

भैय्यालालने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मूठभर?" मी विचारलं. मीही ओरडतच होतो. मला इलाज नव्हता. "एकाच वेळी?"

"एकाच वेळी!"

"उपाशीपोटी?"

"दोन दिवसाची उपाशी होती!"

"हिला एकच आहे, व्याहीणबाई. जेवल्यावर एक. डॉक्टरांनी मोजून दिल्या आहेत."

त्यांनी सुशीलेच्या पायांवरचं पोतं सारखं केलं. मग माझ्याकडे वळल्या. "मंग माया यमुनेले तापानं नेलं का गोळीनं?"

मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला मास्तराने उत्तर द्यायचंच असतं, नसलं तरी तयार करायचं असतं. त्या दिवशी मला ते जमलं नाही. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "आता डॉक्टरलाही सांगता येणार नाही. पण हा ताप आपल्या समोर आहे."

पोत्यांखालून सुशीलेचा हात बाहेर आला. तिचे दात वाजत होते. ती माझ्याशी बोललीच नाही, सासूशी बोलली, आणि तिचे ओठ इतके सावकाश हलले की ते मलाही वाचता आले.

"आई, द्या मले. मले जगाचं हाय."

देवकाबाईंनी पिशवीत हात घातला. आधी डबी बाहेर आली नाही, भाकरीचं फडकं आलं. त्यांनी भाकरी मोडली, गूळ लावला आणि घास सुशीलेच्या तोंडाशी नेला. "जेवल्यावर म्हने ना तुया डाक्टर? मंग पयले जेव." थंडीत पोरीला घास गिळवेना. त्या एकेक चिमूट भरवत राहिल्या. तेवढ्यात सावित्रीबाई धापा टाकत पोचल्या आणि पाणी आणायला वळल्या. चार घास पोटात गेल्यावर देवकाबाईंनी डबी उघडली, एक गोळी काढली, उन्हात धरून पाहिली आणि स्वतःच्या हाताने सुनेच्या जिभेवर ठेवली.

गाडी आली. गार्डने शिटी फुंकली, हिरवी झेंडी हलवली, देवकाबाईंकडे बघून पुन्हा शिटी फुंकली. त्या म्हणाल्या, "जाय म्हना त्याले." आणि गाडी गेली.

त्या आठ दिवस आमच्याकडे राहिल्या. घरात डॉक्टर कोण आहे, हे त्या आठ दिवसांत सौंदडला कळलं. सुशीला जेवल्याशिवाय गोळी नाही आणि गोळीशिवाय उठणं नाही. अनुसयाबाई "गरम असते" म्हणत आल्या, तर देवकाबाईंनी त्यांना बाकीच्या गोळ्या दाखवून बजावलं, "मूठभर असन तं गरम. एक असन तं औषध." शनिवारचा ताप नुसता चाटून गेला. सोमवारी दुपारी बारा वाजता अनुसयाबाई धरून आम्ही चौघं ओसरीवर सुशीलेकडे बघत बसलो होतो. साडेबारा झाले. एक झाला. ती म्हणाली, "मायाकडे काय पाहून राहिले? मले भूक लागली." भैय्यालालनेही त्या आठवड्यात आपल्या आईला बैलगाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं आणि खऱ्या गोळीने कडवट झालेला तिचा चेहरा बघून तो आनंदाने सगळ्यांना सांगत सुटला, "इस बार माँ ने शिकायत की!"

माझे कान रविवारी उघडले. पहिल्यांदा विहिरीचा रहाट ऐकू आला, मग पाखरं, मग सावित्रीबाई. पण देवकाबाईंच्या डोक्यात बसलं ते बसलं. त्या माझ्याशी जे बोलायच्या ते स्टेशनावरच्या आवाजात. मी दोनदा सांगून पाहिलं की मला आता ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "हो!" आणि तसंच ओरडत राहिल्या. माझ्यावरून त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो का, हे मला कळत होतं.

माघात सुशीलेचे दिवस भरले तेव्हा त्या पुन्हा आल्या. सकाळपासून खोलीचं दार बंद होतं. आत सावित्रीबाई, अनुसयाबाई आणि त्या. मी ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून ओसरीवर येरझारा घालत होतो. भैय्यालाल कट्ट्यावर बसून माझ्या फेऱ्या मोजत होता. दुपार झाली. आतून लेकराचं रडणं आलं. चांगलं कडक, रागावलेलं. माझे पाय जागीच थांबले. सुशीलेचा आवाज येईना. मग तोही आला. ती आईला पाणी मागत होती.

दार उघडलं. देवकाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण हातांत गुंडाळलेलं लेकरू होतं. माझ्यापासून दोन हातांवर उभ्या राहून त्या साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"गुरुजी! पोरगी झाली जी! मायलेकी दोघी बी चांगल्या हायेत! आयकू आलं का?"

मी कानामागे हात धरला.

"नाही," म्हटलं. "पुन्हा सांगा."